पाळण्याचा ठोका

ओव्हा गेली त्याला या फेब्रुवारीत वर्ष होईल. आमच्या चर्चच्या मंडळीत असा रिवाज आहे की सभासद वारला की वार्षिक पुस्तिकेत त्याच्याबद्दल चार ओळी छापायच्या, आणि त्या घरातल्याच कुणीतरी लिहून द्यायच्या. ओव्हाच्या ओळी मी लिहिल्या. मी तिची मोठी नणंद, आणि त्या पिढीतलं माझ्याशिवाय घरात कुणी उरलेलं नाही. मी लिहिलं : कोळशाच्या खाणींकडे जन्म, वायली मेब्री यांची पत्नी, पाच मुलांची आई, गिटार उत्तम वाजवीत, सर्वांशी सलोख्याने राहिल्या. एल्डरांनी, म्हणजे मंडळीच्या पाळकांनी, वाचून मान डोलावली आणि कागद खिशात घातला.

शेवटची ओळ खरी आहे. ती सर्वांशी सलोख्याने राहिली. मी तिच्याशी सलोख्याने राहिले नाही. ते पुस्तिकेत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

ओव्हा यायच्या आधी आमच्या घरात वाजवणारी आम्ही तिघं होतो. बाबा फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचे, माझा धाकटा भाऊ वायली मँडोलिन, आणि मी बँजो. मांजराच्या कातड्याचा, पाच तारांचा तो बँजो आईचा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी तापाची साथ आली, तिच्यात आई गेली आणि बँजो माझ्याकडे आला. चेस्टनट ओढ्याच्या दोन्ही काठांवर कुणाचं लग्न असो, मका सोलायचा असो, नव्या धान्यघराचा सांगाडा उभा करायचा असो, अ‍ॅब्सलम मेब्री आणि त्यांची पोरं येणार हे ठरलेलं. लोक बाबांना विचारायचे, "मिंटी येणार ना? तिच्या बँजोशिवाय पाय उचलत नाहीत." मिंटी म्हणजे मी. हे ऐकलं की मी बांधावरून घरी जाताना हळू चालायचे, म्हणजे आणखी कुणी म्हणालं तर ऐकू यावं.

एकोणीसशे पंचवीस साली वायली कामासाठी पलीकडच्या राज्यात खाणीवर गेला आणि आठ महिन्यांनी बायको घेऊन परत आला. अंगाने बारीक, केस तांबूस, हातात पिठाच्या पोत्यात घातलेली गिटार. तिचा बाप खाणीत छत कोसळून गेला होता. आई खाणीवाल्यांची खानावळ चालवायची आणि ही लहानपणापासून तिथे भांडी घासायची. गिटार तिला दोन घरं सोडून राहणाऱ्या लोंझो नावाच्या काळ्या माणसाने शिकवली. तो रेल्वेचे रूळ टाकायचा. हे तिने पहिल्याच दिवशी जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं, लपवायचं काही असतं हे तिच्या गावीच नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे गिटार कुणी वाजवत नाही. ती म्हणाली, "मग बरंच झालं की वन्सं, कुणी नावं ठेवायला नाही." आणि बाबा हसले. आई गेल्यापासून बाबा जेवताना हसलेले मी पाहिले नव्हते.

जेवण झाल्यावर तिने गिटार पोत्यातून काढली. बाबांनी एक गत सुरू केली. ती दोन फेऱ्या नुसती ऐकत बसली, मग अंगठ्याने खर्जाच्या जाड तारा धरल्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ती मधल्या पायऱ्या एकेक उतरायची. कुणी जड माणूस जिना उतरावा तसा आवाज यायचा. आमचं वाजवणं आतापर्यंत सगळं वरवरचं होतं, त्याला तळ नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं, आणि मी उठून भांडी आवरायला गेले.

महिन्याभरात ती बाबांच्या शेजारी बसायला लागली, आईच्या खुर्चीवर. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि ऊठही म्हटलं नाही. नाचाला गेलो की लोक बाबांना विचारू लागले, "वायलीची बायको आलीय ना?" सुकवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक मी करायचे तसाच ती करायला लागली, फक्त तिचा दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचा. मी हे सगळं देवापुढे मांडायचे. मांडताना सुरुवात चांगली व्हायची, पण शेवट तक्रारीचा व्हायचा.

एक गोष्ट सांगते म्हणजे कळेल. आमच्याकडच्या एका विषारी सापाच्या शेपटीला कड्याकड्यांचा खुळखुळा असतो, तो फिडलमध्ये टाकून ठेवायचा, म्हणजे आत ओल धरत नाही आणि आवाज खुलतो, असं आमच्याकडे मानतात. बाबांच्या फिडलमध्ये होता तो मी दिला होता. बारा वर्षांची असताना मी घेवड्याच्या वाफ्यात तो साप मारला होता. ओव्हा आली त्याच उन्हाळ्यात तिने कुदळीने एक मारला, मी मारलेल्यापेक्षा मोठा, अकरा कड्यांच्या खुळखुळ्याचा. बाबांनी त्याचा खुळखुळाही फिडलमध्ये सोडला. माझा काढला नाही, दोन्ही ठेवले. पण फिडल उचलताना आत जो खडखडाट व्हायचा त्यात तिचा कुठला आणि माझा कुठला हे मला ऐकू यायचं. निदान तसं वाटायचं.

माझं म्हणून एकच उरलं होतं. आईची एक गत होती. ती तिने स्वतःच बसवलेली, दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिला आम्ही 'मागल्या कड्यावरची मेंढी' म्हणायचो. आमचा पाळणा अक्रोडाच्या जड लाकडाचा, जमिनीवर डोलणारा. त्याच्या बुडाचं एक कमानदार लाकूड झिजलेलं, म्हणून मागे गेला की क्षणभर तिथेच थांबायचा आणि मग पुढे यायचा. आई पायाने पाळणा हलवत बँजो वाजवायची, आणि गतीच्या दुसऱ्या भागात एका जागी तिला पाळण्यासाठी थांबावं लागायचं. त्यामुळे तिथे एक ठोका जास्त पडायचा. मुलं मोठी झाली, पाळणा माळ्यावर गेला, तरी ठोका राहिला. आम्ही त्याला पाळण्याचा ठोका म्हणायचो. ती गत नाचाला चालायची नाही, नाचणारे तिथे अडखळायचे. रविवारी दुपारी घरीच वाजवायची. ओव्हा आल्यावर मी बाबांना सांगून टाकलं, ही आईची आहे, ही आपण तिघंच वाजवू. ओव्हा स्वयंपाकघरात मक्याची भाकरी थापत ऐकायची.

सत्तावीस साली ऑगस्टात ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस राज्याच्या सीमेवरच्या शहरात आला आणि डोंगरातल्या वाजवणाऱ्यांनी येऊन वाजवून दाखवावं असं वर्तमानपत्रात आलं. आम्ही शेजाऱ्याच्या फोर्डमधून गेलो. नदी दोनदा ओलांडली, दोनदा टायर गेलं. फर्निचरच्या रिकाम्या दुकानाचा वरचा मजला होता आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या लावल्या होत्या. त्यातली एक आमच्या घरच्या नमुन्याचीच होती. एवढ्या लांब येऊन भिंतीवर आपलीच गोधडी बघायची, याचं वायलीला फार हसू आलं.

कंपनीचा माणूस सभ्य होता. त्याने आम्हाला उभं केलं. बाबांचा पाय ताल धरताना फार आपटतो म्हणून त्यांच्या बुटाखाली उशी दिली. बँजो कडक वाजतो म्हणून मला मागे दाराजवळ नेलं. ओव्हाला मात्र पुढे घेतलं, अगदी यंत्रापुढे. तिच्याकडून एक गाणं गाऊन घेतलं आणि लगेच तबकडीवर घेतलं. मग तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी काय, म्हणून विचारलं. बाबांनी चार गती वाजवून दाखवल्या. चारही कुणी ना कुणी आधीच तबकडीवर दिल्या होत्या. तो म्हणाला, जगात दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही आहे का तुमच्याकडे?

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "माझ्या बायकोची एक आहे."

बँजोच्या तारा त्या गतीसाठी वेगळ्या लावाव्या लागतात, म्हणून मी जिन्यात गेले. ओव्हा गिटार घेऊन माझ्यामागे आली. चेहरा घाबरलेला होता. म्हणाली, "वन्सं, मी ही फक्त चुलीपाशी उभी राहून ऐकलीय. भाकरी उलटताना अर्धी निसटते. हिच्यात कुठे काही अडचण आहे का? आधीच सांगा हं."

मी खुंटी पिळत होते. मी म्हटलं, "काही नाही. सरळ आहे."

एवढंच. याहून मोठं पाप मी आयुष्यात केलं नसेल, आणि ते करायला मला मानही वर करावी लागली नाही.

दिवा लागला की सुरुवात करायची. पहिला भाग छान गेला. दुसऱ्या भागात ती जागा आली, आम्ही तिघं थांबलो आणि ओव्हाची गिटार एकटी पुढे निघून गेली. सगळं कोसळलं. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. कंपनीच्या माणसाने हात वर करून थांबवलं. पुन्हा. ओव्हा आता सावध झाली होती, मान वळवून माझा हात बघायचा प्रयत्न करत होती, पण मी तिच्या पाठीमागे दाराशी. पुन्हा तिथेच मोडलं. ज्या मेणावर आवाज कोरला जायचा ते मेण वाया जात होतं. ओव्हा म्हणाली, "माझंच चुकतंय. मला एकदा समजावून द्या."

कंपनीचा माणूस म्हणाला, तिचं काही चुकत नाही, चुकताय तुम्ही तिघं. तुम्ही जिथे अडखळता ते काढून टाका आणि ती वाजवते तसं सरळ वाजवा. बाबा म्हणाले, ते अडखळणं नाही, ते तसंच आहे. तो म्हणाला, "मी समजू शकतो साहेब, पण तबकडी घेणाऱ्याला कसं कळणार? त्याला वाटेल सुई उडाली. तो तबकडी परत आणून देईल."

बाबांनी गज खाली घेतला. मग मागे वळले. "मिंटी, तू हिला सांगितलं नव्हतंस?"

"मला वाटलं, हिला माहीत असेल."

ओव्हाने माझ्याकडे बघितलं. तिने एक शब्द काढला असता तर मी तिथेच उघडी पडले असते. तिने काढला नाही.

तिसऱ्यांदा आम्ही सरळ वाजवली. त्या जागी माझा हात आपोआप थांबायला गेला आणि मी त्याला ओढून पुढे नेला. पाळण्यातलं मूल उचलून खाली टाकावं तसं मला झालं. सव्वातीन मिनिटांत सगळं आटोपलं. परतीच्या वाटेवर ओव्हा म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे झालं." बाबा म्हणाले, "जाऊ दे पोरी." मला ते पोरी म्हणत नसत, मिंटी म्हणत. त्या वेळीही मी तेच मोजलं.

डिसेंबरात तबकडी दुकानात आली. एका बाजूला लिहिलं होतं : गायन ओव्हा मेब्री. दुसऱ्या बाजूला नुसतं मेब्री कुटुंब. लोक ओव्हाला चर्चच्या पायऱ्यांवर थांबवून बोलायचे. फेब्रुवारीत तिला मुलगी झाली, लेनोर, आणि वायलीने माळ्यावरून पाळणा खाली काढला.

गत मात्र तबकडीबरोबर दूरवर गेली. पुढच्या ऑक्टोबरात कड्यापलीकडच्या शूपांकडे गोड ज्वारीच्या धाटांची काकवी काढायला सगळे जमले होते. खेचर घाण्याला फिरत होतं, कढई उकळत होती, आणि मोकळे हात होते ते वाजवत होते. बाबांनी आईची गत सुरू केली, आईसारखीच, ठोक्यासकट. हॉबर्ट शूप पंचविशीचा, नवी फिडल घेतलेला, तो सोबत करत होता. त्या जागी दोघं वेगळे झाले. हॉबर्ट थांबला आणि हसत म्हणाला, "अ‍ॅब्सलमकाका, हात थकले वाटतं. ठेच लागली तुम्हाला. मी तबकडीवरून शिकलोय, थांबा, दाखवतो कशी आहे ती." आणि त्याने माझ्या बापाला माझ्या आईची गत शिकवली. सरळ. लोक चांगल्या मनाने हसले. बाबाही हसले. मग त्यांनी फिडल पेटीत ठेवली आणि कढईवरचा फेस काढायला गेले.

मी ओव्हाकडे बघितलं. ती लेनोरला कडेवर घेऊन माझ्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर बाबांनी ती गत वाजवली नाही. रविवारी दुपारी वायली विचारायचा आणि बाबा दुसरंच काही सुरू करायचे. मी प्रार्थनेत त्या जिन्यापाशी येऊन थांबायचे.

आमच्या मंडळीत वर्षातून एकदा, जूनमधल्या रविवारी, भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनानंतर एकमेकांचे पाय धुतात. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. कमरेला पंचा बांधायचा, गुडघ्यांवर बसायचं, पत्र्याच्या घमेल्यात दुसरीचे पाय धुवून पुसायचे, मग तिने आपले धुवायचे. कुणाबद्दल मनात अढी असेल तर बसायचं नाही, आधी मिटवून यायचं. मी दर वर्षी टॉलिव्हर आजींचे पाय धुवायचे. त्या नव्वदीच्या, त्यांच्याशी माझं काही वाकडं असायचं कारणच नव्हतं. ओव्हा तेव्हा सभासद नव्हती, म्हणून ती मागच्या बाकावर बसायची आणि मी सुरक्षित होते. पण एकोणतीस सालच्या मे महिन्यात एल्डर क्लेबोर्न यांनी तिला ओढ्यात बाप्तिस्मा दिला. पाणी इतकं गार होतं की वर आल्यावर तिचे दात वाजत होते, तरी ती हसत होती.

जूनमध्ये मी पंचा बांधून आजींकडे निघाले, तर आजींपुढे आधीच कुणी बसलेली. वळले. ओव्हा बाकावर एकटी बसली होती. मोजे काढून गुंडाळून शेजारी ठेवलेले. नवीन म्हणून तिच्याकडे कुणी गेलं नव्हतं.

मी तिच्यापुढे गुडघे टेकले. तिच्या डाव्या पायाची करंगळी चपटी होती, खानावळीतल्या चुलीचं झाकण लहानपणी पडलं होतं तिच्यावर. चार वर्षं एका घरात राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं. बाजूला मंडळी संथ चालीवर गात होती, वाद्य आमच्या चर्चमध्ये नसतं. मी पाय पाण्यात घेतला आणि माझे हात चालेनात. अढी ठेवून हे करता येत नाही. मी खाली बघतच म्हटलं, "ओव्हा, त्या जिन्यात मी तुला खोटं सांगितलं. ती गत सरळ नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "लेनोर झाली तेव्हाच कळलं. तो पाळणा मागे गेला की थांबतो. मी हलवत होते, गुणगुणत होते, आणि आपोआप ठोका पडला. मीच दचकले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं होतं ते, वन्सं. म्हटलं, तुम्ही द्याल तेव्हा घेईन. सोळा महिने वाट बघितली." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आता पाणी पार गार झालं. धुता का नुसता धरून बसता?"

मी धुतले. तिने माझे धुतले. पुसताना तिने बोटांच्या बेचक्यांतूनही पंचा फिरवला, लेकरांचे पुसतात तसा.

मला वाटलं होतं कबुली दिली की मन हलकं होईल. झालं, पण पुरतं नाही. घरी येताना मला एकच बोचत होतं. माझ्याजवळ द्यायला एकच गोष्ट होती, आणि ती तिने माझ्या हातून न घेताच मिळवली होती. देवाने मला तेवढंही मोठेपण ठेवलं नाही. मी हे लिहिते आहे कारण हेच खरं आहे.

त्या दुपारी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तोंड ओढ्याकडे वळवलं. म्हणाले, "तुझ्या आईला काय सांगायचं ते भेटल्यावर मी बघेन. जा, बँजो आण. आणि ओव्हाला म्हणावं, गिटार घेऊन ये." आम्ही चौघांनी ती गत पहिल्यांदा वाजवली, ठोक्यासकट. ओव्हा त्या जागी अंगठा उचलून थांबायची, आणि पायही किंचित पुढे न्यायची, पाळणा असल्यासारखा. आई तसंच करायची. मला ते कधी जमलं नव्हतं. मी पाळणा हलवलाच नव्हता.

तबकडी दुसरी निघाली नाही. मंदी आली, कंपनीच्या माणसाचं पत्र यायचं थांबलं. बाबा छत्तीस साली गेले, वायली दुसऱ्या महायुद्धानंतर. आम्ही दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झालो. शहरातून कॉलेजची पोरं टेप घेऊन यायची, ती गत सरळ वाजवायची. ओव्हा त्यांना जेवायला घालायची आणि काही बोलायची नाही.

तिला पुरल्यावर आठवड्याने लेनोर माझ्याकडे आली. आता तिला नातवंडं आहेत, पाळणा तिच्याकडे असतो. माझ्या आईचा बँजो मी तिला कधीच देऊन टाकला होता, तो घेऊन आली. माझ्या पलंगाशी बसून तिने ती गत वाजवली. दुसऱ्या भागात थांबली, बरोबर तिथे. माझ्यापेक्षा छान.

"बरोबर आहे ना, आत्या?" तिने विचारलं. "आई नेहमी म्हणायची, हे मला तुझ्या आत्याने शिकवलं."

म्हणजे ती मुलांना असं सांगत होती. इतकी वर्षं, घरातल्या घरात, माझ्या मागे. मला रडू आलं आणि रागही आला. मेल्यावरही ती माझ्यापेक्षा चांगलीच राहिली होती. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "मी नाही शिकवलं. मी तर लपवलं होतं. ती पाळण्यापाशी आपली आपण शिकली, तू त्यात होतीस."

लेनोरने बँजो पुन्हा सावरून धरला. मग तिने विचारलं, पुन्हा वाजवू का? मी म्हटलं, वाजव.